टोकं दोन, हात एक

"टोकं दोन, हात एक."

विल्फ्रेड मिरांडा हे इतक्या वेळा म्हणायचा, की परळच्या बांधकामांवर ज्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं तीही माणसं त्याला ह्या चार शब्दांवरून ओळखायची. "ते टोकंवाले अंकल आलेत का?" असं कुणी विचारलं, की समजायचं विल्फ्रेडलाच शोधताहेत.

त्याचं काम असं होतं. मोठ्या कंपनीचं ऑफिस उभं राहतं. टेबलं यायची असतात, माणसं यायची असतात, भिंतींना नुसता राखाडी हात मारलेला असतो. त्याआधी जिथे जिथे कॉम्प्युटर बसणार तिथून एकेक केबल निघते, भिंतीतून वर चढते, छतात लटकवलेल्या पत्र्याच्या पन्हाळीतून सरपटत जाते आणि मजल्याच्या मधोमध एका थंड खोलीत उतरते. त्या खोलीत लोखंडी कपाट असतं, त्याला रॅक म्हणतात. सगळ्या मजल्याच्या केबली तिथे येऊन ओळीने बसतात. एक टोक टेबलाशी, एक टोक रॅकशी, मध्ये कुठे जोड नाही. गावातल्या प्रत्येक घरातून एक पायवाट निघावी आणि सगळ्या एकाच विहिरीवर जाव्यात, तशी ही रचना.

विल्फ्रेडचा नियम असा, की टेबलाचं टोक ज्याने बांधलं त्यानेच रॅकचं बांधायचं. "एकाने इकडून बांधली आणि दुसऱ्याने तिकडून, तर ती केबल कुणाचीच राहत नाही," तो म्हणायचा. "चुकली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ती बिचारी मधल्यामध्ये छतात पडलेली असते काळोखात."

दर्शना हे सगळं त्याच्याच हाताखाली शिकली. लालबागच्या चाळीतली, मालवणकडच्या घरातली मुलगी. कामाला आली तेव्हा तिला केबलींवर नंबरांच्या पट्ट्या चिकटवायला बसवलं होतं. ह्या धंद्यात तेव्हा बाई दिसायची नाही. बाकीचे तिला चहा आणायला पाठवायचे. विल्फ्रेडने एक दिवस तिच्या हातातली किटली काढून खाली ठेवली, केबलीचा एक तुकडा दिला आणि साल काढायला लावली. आत आठ बारीक तारा निघाल्या, दोन दोन एकमेकींना पीळ घातलेल्या.

"बघ बाय, हे चार संसार आहेत. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीचा नवरा पांढरा, अंगावर बायकोच्याच रंगाची रेघ. कारखान्यातून दोघांना पीळ घालून पाठवलंय. तो पीळ आहे तोवर शेजारच्यांचं भांडण ह्यांच्या कानात शिरत नाही. आपण त्यांना दारापर्यंत पोचवायचं. मिठी अगदी उंबऱ्यावर सोडवायची, त्याआधी नाही."

"आणि नवरा भांडकुदळ निघाला तर?"

"तर केबलीचा सगळा ड्रम परत पाठवायचा," विल्फ्रेड म्हणाला, आणि किटली उचलून स्वतः चहा आणायला गेला.

असा तो माणूस. दादरला पोर्तुगीज चर्चमागे राहणारा, बारीक अंगाचा, मनगटं मात्र सुताराची. केबलींचे जुडगे तो प्लॅस्टिकच्या दोरीने कधी आवळायचा नाही, कापडी पट्टा सैलसर बांधायचा. गळा आवळला की आवाज जातो, म्हणायचा. कोपऱ्यावर वळण घ्यायचं तर बेस्टच्या बससारखं घ्यायचं, स्कूटरसारखं नाही. आणि दोन्ही टोकांना हातभर केबल मोकळी, गुंडाळून ठेवायची. "पुढे कुणाची चूक निघाली तर त्याला पुन्हा बसवायला जागा नको?" त्याने बांधलेलं छत खालून पाहिलं तर कापणीनंतर खळ्यावर रचलेल्या पेंढ्या आठवाव्यात, इतकं सरळ, इतकं निगुतीचं. मग वर पांढऱ्या पाट्या लागायच्या, छत बंद व्हायचं, आणि ते पुन्हा कुणाला दिसायचं नाही. विल्फ्रेडला त्याचं दुःख नव्हतं. जमिनीत पेरलेलं दिसत नाही म्हणून पेरणारा काही वाकडंतिकडं पेरत नाही, तसंच ते.

वर्षं गेली. दर्शना साइटची सुपरवायझर झाली, ठेकेदार हितेंद्र तिला मॅडम म्हणू लागला. विल्फ्रेड मात्र होता तिथेच राहिला, आपल्या मर्जीने. त्याला माणसं हाकायची नव्हती, त्याला टोकं बांधायची होती.

एका सोमवारी सकाळी दर्शनाला सेसिलियाचा, विल्फ्रेडच्या बायकोचा, फोन आला.

"अगं, काल चर्चमध्ये मिस्साला निघाला तर एक मोजा निळा, एक हिरवा. मी म्हटलं, विली, सर्कशीत चाललास की काय? तर माझ्यावरच डाफरला. मग पलंगावर बसला आणि दोन्ही मोजे हातात घेऊन बघत राहिला. किती वेळ बघत राहिला गं."

सेसिलियाने आवाज खाली आणला. साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्लाय, डॉक्टरने सांगितलंय. इंजेक्शनं झाली. गेलेलं परत यायचं नाही, उरलंय ते टिकवा म्हणतात. वाचायला येतं, रस्ता दिसतो, माणसं दिसतात. रंग जातात. निळा आणि हिरवा त्याला एकच झालेत.

"मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. आणि काम काढून घेऊ नकोस त्याचं. त्याचा मोठा भाऊ रिटायर झाला आणि खिडकीतल्या खुर्चीत बसला. धड माणूस, नखात रोग नाही. वर्षाच्या आत त्याच खुर्चीवर त्याच्या मयताच्या मिस्साला आलेल्या पाहुण्यांना बसवलं आम्ही. विलीला खुर्चीत बसवू नकोस गं."

"नाही बसवणार, आंटी," दर्शना म्हणाली. एवढं म्हणायला सोपं होतं.

तेव्हा परळच्या एका नव्या काचेच्या टॉवरमध्ये काम चालू होतं. अकरावा मजला, एका दलाली कंपनीचं ऑफिस. मजल्याचे दोन भाग केले होते. पश्चिमेकडचा बाकीच्यांना, पूर्वेकडचा एकट्या विल्फ्रेडला. दर्शनाने तो त्याच्याकडून काढून घेतला नाही. उलट मनाशी ठरवलं की आपण लक्ष ठेवू.

लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं? तिने पाहिलं की विल्फ्रेड आता टोक बांधायला बसताना मांडीवर पांढरा रुमाल अंथरतो. केबलीची साल काढतो, चारही जोड्या एकदम उकलतो, आठही तारा रुमालावर सरळ करून ठेवतो आणि खिडकीकडे तोंड करून एकेक तार पारखतो. मिठी उंबऱ्यावर सोडवायची म्हणणारा माणूस अंगणातच सगळ्यांना वेगळं करत होता. तिने ते पाहिलं आणि रुमाल किती स्वच्छ धुतलेला आहे एवढंच मनात आणलं. माणसाला जे बघायचं नसतं त्याच्या शेजारचं तो फार बारकाईने बघतो.

"अंकल, रॅककडची टोकं मी करू का? तिथे खाली बसावं लागतं, तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. टोकं दोन..."

"हात एक," तिने पुरं केलं. पुरं करताना तिला हलकंही वाटलं, हे खरं आहे. आपण विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेसमोरून गेली. नेहमीच्या कंपनीचा माल वेळेत मिळाला नाही म्हणून हितेंद्रने ह्या वेळी दुसऱ्या कंपनीचे ड्रम आणले होते. माल चांगला, शिक्क्याचा. फक्त ह्या केबलीतली हिरवी तार काळपट हिरवी होती, करवंदीच्या पानासारखी, आणि निळी फिकी, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी. पांढऱ्या तारांवरच्या रेघा मात्र नेहमीच्याच छटेच्या होत्या. दर्शनाने पहिला ड्रम उघडला तेव्हा हे पाहिलं, निलेशला म्हणालीसुद्धा, "रंग वेगळाच आहे रे." निलेश तिच्याच टोळीतला, मोजणीचं मशीन चालवणारा. तो म्हणाला, "मॅडम, साडी घ्यायची आहे का?" दोघं हसली आणि कामाला लागली.

रोजची तपासणी एका छोट्या दिव्याच्या डबीवर होत असे. डबीचा अर्धा भाग टेबलाशी लावायचा, अर्धा रॅकशी. आठ तारा आपापल्या जागी पोचल्या असल्या की आठ दिवे ओळीने लागत जातात, तुळशीपाशी पणत्या लावत जावं तसे. विल्फ्रेडच्या सगळ्या केबलींवर दिवे ओळीने लागले. एकही मागेपुढे नाही. दर्शनाने त्या रात्री सेसिलियाला फोन करून सांगितलं, "आंटी, डोळे गेले असतील, हात शाबूत आहेत." तिकडून सेसिलिया हसली की रडली, तिला नीट कळलं नाही.

मग छत बंद झालं, गालिचा आला, टेबलं लागली, आणि शेवटी मोठं मशीन आलं. ते भाड्याचं असतं, काम संपल्यावरच येतं. दिव्याची डबी एवढंच सांगते की तार पोचली. हे मशीन केबलीतून खरोखर बोलून बघतं आणि विचारतं, ऐकू येतंय का.

पश्चिमेचा भाग दुपारच्या आत पास झाला. निलेश शीळ घालत पूर्वेकडे गेला.

"मॅडम, पहिली फेल."

"पुन्हा लाव."

"पुन्हा फेल. थांबा, शेजारची बघतो." थोड्या वेळाने त्याची शीळ बंद झाली. "ही पण. ही पण. काय हो, अख्खं खानदानच आजारी?"

विल्फ्रेड तिथेच होता. हितेंद्र खालून वर आला, त्याने मशीनचा पडदा पाहिला आणि म्हणाला, "माल खोटा निघाला वाटतं."

त्या एका वाक्याने विल्फ्रेडच्या चेहऱ्यावर जे आलं ते दर्शनाने पाहिलं. दुष्काळातल्या माणसाने आभाळात काळं बघावं, तसं काहीतरी. "मालच असेल," तो म्हणाला, "नवीन कंपनी." दर्शनालाही वाटलं, मालच असू दे. सगळे ड्रम टाकाऊ असू देत, सगळं पुन्हा ओढायला लागू दे.

"माल तोच आहे की पश्चिमेला," निलेश म्हणाला. तो वाईट मनाने म्हणाला नाही. तसं होतं म्हणून म्हणाला.

दर्शना गुडघ्यावर बसली आणि टेबलाखालचं पहिलं सॉकेट उघडलं. तिला एका नजरेत दिसलं. निळ्याच्या घरात हिरवी बसली होती आणि हिरव्याच्या घरात निळी. पांढऱ्या तारा आपापल्या जागी होत्या. म्हणजे दोन संसारांत बायकांची अदलाबदल झाली होती. निळीचा नवरा एकीकडे, ती परक्याच्या घरात. पीळ तुटला, शेजारचं भांडण कानात शिरलं, आणि केबल बोलायला गेली की नुसता कालवा. ती उठून थंड खोलीत गेली, त्याच केबलीचं रॅककडचं टोक पाहिलं. तिथेही नेमकी तशीच अदलाबदल. इकडे चुकलं तसंच तिकडे चुकलं, म्हणून प्रत्येक तार आपल्या नंबरावर पोचली आणि दिवे ओळीने लागले.

ती परत आली तेव्हा विल्फ्रेडने सॉकेटातून दोन तारा उपसून काढल्या होत्या. तो त्या घेऊन खिडकीशी उभा होता. त्या टॉवरची काच हिरवट, ऊन अडवणारी. तिच्यातून आलेल्या उजेडात डोळसालाही रंग धड कळत नाही. त्याने एक तार ह्या हातात धरली, एक त्या हातात.

"दर्शना, ह्यातली निळी कुठली?"

हितेंद्रने मान फिरवली. निलेश मशीनच्या वायरी गुंडाळत बसला, त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

"डाव्या हातातली," दर्शना म्हणाली.

"ही फिकी?"

"हो अंकल."

"गडद ती निळी, फिकी ती हिरवी. केव्हापासून तसंच ओळखतोय मी. ह्या मालात उलटं आहे?"

"उलटं आहे."

"तुला दिसलं होतं?"

"ड्रम उघडला तेव्हा दिसलं होतं."

"मग सांगायचं नाही का गं," विल्फ्रेड म्हणाला. त्यात राग असता तर तिला सोसला असता. "सेसिलियाने फोन केला होता ना तुला?"

तिने मान हलवली. त्याने दोन्ही तारा एकाच मुठीत घेतल्या. मग अगदी हळू, दगडावर दगड ठेवावा तसं एकेक वाक्य ठेवत बोलला.

"रॅकचं टोक तू केलं असतंस, तर पहिल्याच दिवशी दिवा मागेपुढे झाला असता."

"हो."

"पहिल्याच केबलीला कळलं असतं."

"हो अंकल."

"म्हणजे माझ्या हातानेच माझी चूक झाकली. इकडूनही तीच, तिकडूनही तीच."

जन्मभर ज्या वाक्याला धरून माणूस उभा राहिला ते वाक्यच त्याच्या हातून निसटताना दर्शना पाहत होती, आणि त्याला धरायला दुसरं काही द्यावं तर तिच्याकडे नव्हतं.

हितेंद्र पुढे झाला. तो वाईट माणूस नव्हता. "अंकल, टेन्शन घेऊ नका. केबल पुन्हा ओढायची नाही, छत उघडायचं नाही. नुसती टोकं बदलायची. तुम्ही मागे एवढी मोकळी केबल ठेवलीये म्हणून निभावलं. आमची पोरं करतील. तुम्ही बसा, फक्त बघा."

आणि त्याने नव्या टेबलामागची एक खुर्ची ओढून आणली. प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

दर्शना म्हणणार होती, खुर्ची नको. शब्द तोंडाशी आला होता. पण विल्फ्रेड तेवढ्यात बसला. वेष्टण करकरलं. हातातल्या दोन तारा त्याने रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवल्या.

काम सुरू झालं. तार सॉकेटात दाबून बसवायचं एक हत्यार असतं, प्रत्येक तारेला ते खटकन वाजतं. आजवर पूर्वेच्या बाजूला तो आवाज फक्त विल्फ्रेडच्या हातून निघाला होता. आता तो चहूबाजूंनी येऊ लागला, आणि खुर्चीतला माणूस प्रत्येक आवाजाकडे तोंड वळवत होता, जसं घरात लग्न असावं आणि आपल्याला कुणी काम सांगू नये.

दर्शनाने पहिल्या केबलीचं टेबलाकडचं टोक स्वतः बांधलं. मिठी उंबऱ्यापर्यंत सोडली नाही. ती उठून रॅककडे निघाली तसा निलेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला फेऱ्या मारता? तिकडचं टोक मी करतो ना. दोन वेगळे हात असले तर दिवाच सांगेल काय ते."

त्याने जे ऐकलं तेच तो बोलत होता. दर्शनाने खुर्चीकडे पाहिलं. विल्फ्रेड जमिनीकडे पाहत होता. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर तो तिथल्या तिथे उठून भांडला असता. ती वाट पाहत राहिली. तो भांडला असता तर तिने निलेशला गप्प केलं असतं, सगळी टोकं एकटीने बांधली असती, रात्र झाली असती तरी.

तो भांडला नाही.

"कर," दर्शना म्हणाली.

निलेश गेला. थोड्या वेळाने थंड खोलीतून आठ वेळा खट वाजलं. डबीचे दिवे ओळीने लागले. मशीनने पास म्हटलं.

विल्फ्रेड खुर्चीतून उठला. त्याने खुर्ची नीट टेबलाखाली सारली, जशी आणली होती तशी. भिंतीशी ठेवलेली आपली पिशवी उचलली, त्यात हत्यार टाकलं, रुमाल टाकला, न उघडलेला जेवणाचा डबा टाकला.

"खाली चहा पिऊन येतो," तो म्हणाला.

चहाला जाताना कुणी पिशवी नेत नाही. तिथल्या सगळ्यांना ते कळलं. हितेंद्र म्हणाला, "आरामात या अंकल." दर्शना त्याच्यासोबत लिफ्टपर्यंत गेली.

"मी येऊ खाली?"

"काम टाकून? वेडी की काय." लिफ्टचं दार उघडलं. तो आत शिरला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. "घरी फोन करू नकोस. मी पोचायच्या आत तिला कळायला नको."

दार मिटलं.

दर्शना खिडकीशी आली. खाली गेटवर पहारेकऱ्याने त्याच्याकडून पास मागून घेतला. उद्या परत मिळेल असं काही त्याने सांगितलं असावं, कारण विल्फ्रेडने मान हलवली. गेटसमोर चहाची टपरी होती, रोज तो तिथे उभ्याने चहा प्यायचा. टपरीवाल्याने त्याला पाहून ग्लास विसळला. विल्फ्रेड न थांबता पुढे गेला. टपरीवाला ग्लास हातात धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

तो बसच्या थांब्यावरही थांबला नाही. दादरच्या दिशेने चालत निघाला, पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, भिंतीच्या कडेकडेने. सकाळी त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता ते दर्शनाने आठवून पाहिलं. आठवेना. हिरवट काचेतून अकराव्या मजल्यावरून सगळी माणसं एकाच रंगाची दिसत होती. मागून निलेश हाक मारत होता, "मॅडम, पुढचं टोक?" तिने ओ दिली नाही. पुलाच्या सावलीत तो शिरला, आणि खाली टपरीवाला अजून तसाच उभा होता, वर ती.